खरबुजावरची बुरशी आणि पिंपरीची माती

पुणे–मुंबई रस्त्यावर पिंपरीत ‘एच. ए.’ म्हटलं की जुन्या माणसांना पुढे काही सांगावं लागत नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हे कंपनीचं पुरतं नाव कागदोपत्रीच राहिलं. लोकांच्या तोंडी ती पेनिसिलिनची फॅक्टरी. ज्या पिढीने गळू, न्यूमोनिया, बाळंतरोग यांनी घरातली धडधाकट माणसं आठवड्याभरात जाताना पाहिली होती, तिला या औषधाची किंमत वेगळी सांगायला नको होती. डॉक्टर आधी हातावर थेंबभर औषध टोचून बघायचे, सूज नाही ना आली याची खात्री करायचे आणि मग ‘लाख युनिटचं’ इंजेक्शन द्यायचे. हे ‘युनिट’ म्हणजे नक्की काय, असा प्रश्न तेव्हा फारसा कुणाला पडत नसे. पण या सगळ्या हकिकतीची नाडी त्या शब्दातच आहे.

ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली नावाचा एक हरहुन्नरी तरुण जीवरसायनशास्त्रज्ञ होता. काचेच्या बशीत जंतूंचा थर पसरायचा, त्यात पोकळ नळीचा छोटा तुकडा उभा करायचा, त्यात द्रव ओतायचा आणि दुसऱ्या दिवशी नळीभोवती जंतू मेल्याचं केवढं वर्तुळ दिसतं ते मोजायचं, अशी त्याची पद्धत. त्या वर्तुळावरून द्रवात औषध किती आहे ते ठरे. त्यावरूनच ऑक्सफर्डचं युनिट ठरलं. ते शुद्ध पेनिसिलिनच्या एक ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरतं. बुरशी वाढवलेल्या एका मिलिलिटर द्रवात तेव्हा अशी जेमतेम एक-दोन युनिटं मिळत. पुढची पाच वर्षं हा आकडा वाढवण्यात गेली, आणि तो कुणा एका अलौकिक बुद्धीच्या माणसाने वाढवलेला नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२८ साली लंडनमध्ये बशीवर पडलेली बुरशी पाहिली, ही गोष्ट शाळेपासून आपल्याला पाठ आहे. त्यानंतर दहा-बारा वर्षं त्या बुरशीचं औषध झालं नाही, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. ते काम ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि हीटली यांनी हाती घेतलं. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना मारक जंतू टोचले आणि त्यांपैकी चारांना पेनिसिलिन दिलं. ते चार जगले, बाकीचे चार रातोरात मेले. फेब्रुवारी १९४१ मध्ये पहिला रुग्ण आला, चेहऱ्याला जंतुसंसर्ग होऊन मरणाच्या दारात पोचलेला एक पोलीस शिपाई. चार-पाच दिवसांत त्याचा ताप उतरला, तो जेवू लागला. त्याच्या लघवीतून बाहेर पडणारं पेनिसिलिन प्रयोगशाळेत नेऊन, पुन्हा गाळून, पुन्हा त्यालाच टोचत होते. तरी साठा संपला. दुखणं उलटलं आणि मार्चच्या मध्याला तो गेला. औषध लागू पडत होतं, पण पुरत नव्हतं.

पुरणार तरी कसं? बुरशी द्रवाच्या पृष्ठभागावर सायीसारखी वाढे. जास्त औषध हवं तर जास्त पृष्ठभाग हवा, म्हणून विद्यापीठाच्या त्या खोल्यांत इस्पितळातल्या आजाऱ्यांच्या मलपात्रांतसुद्धा बुरशी वाढवली. मग त्याच घाटाची चिनी मातीची शेकडो चपटी भांडी मुद्दाम करून घेतली आणि ती भरायला-रिकामी करायला मुली कामाला ठेवल्या. ब्रिटनवर बॉम्ब पडत होते. तिथल्या औषध कंपन्यांजवळ ना हात मोकळे होते ना पैसा. विद्यापीठाचा कारखाना झाला होता आणि तो कारखाना म्हणून फारच लहान होता.

म्हणून फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला निघाले. प्रवासखर्च रॉकफेलर फाउंडेशनने दिला. २ जुलै १९४१ रोजी ते न्यू यॉर्कला उतरले आणि एका सरकारी खात्यातून दुसऱ्यात असं करत बारा दिवसांनी इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी पोचले. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या या गावात औषधाशी काडीचाही संबंध नसलेली एक सरकारी प्रयोगशाळा होती.

ती तिथे का होती, हे थोडं थांबून सांगितलं पाहिजे. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा माल पडून राहत होता. १९३८ च्या शेतीविषयक कायद्याने चार प्रादेशिक प्रयोगशाळा काढायचं ठरलं. उरलेल्या पिकांचं काय करता येईल ते शोधायचं, एवढंच त्यांचं काम. पिओरियाची प्रयोगशाळा त्यांतली एक, मक्याच्या मुलखातली. मक्यापासून स्टार्च काढताना दाणे आधी भिजत घालतात. ते भिजवणीचं पाणी आटवलं की दाट, तपकिरी, उग्र वासाचा रस उरतो. गिरण्यांना तो नकोसा होता आणि पिओरियातले लोक बहुतेक प्रत्येक आंबवणीच्या प्रयोगात तो घालून बघत. अँड्र्यू मोयर नावाच्या तिथल्या शास्त्रज्ञाने तो पेनिसिलिनच्या बुरशीला घातला, साखरही बदलली आणि दुधातली साखर वापरली. नोव्हेंबर अखेरपर्यंत उत्पादन दहापटीहून जास्त वाढलं होतं. शेतकऱ्याच्या पडून राहिलेल्या मक्यासाठी सरकारने काढलेल्या प्रयोगशाळेत, ज्याला कुणी विचारत नव्हतं त्या पाण्याने, ऑक्सफर्डचं अडलेलं काम पुढे सरकलं. संशोधनावर सरकारने पैसा का घालावा, असा हिशेब मागणाऱ्यांना मला नेहमी हे पाणी दाखवावंसं वाटतं. १९३८ साली कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही पेनिसिलिन नव्हतं.

मोयर आणि हीटली शेजारी शेजारी उभे राहून काम करत, पण त्यांचं जुळलं नाही. मोयरला इंग्रजांविषयी आकस होता. पुढे मोयरने या कामावर जो निबंध छापला त्यात हीटलीचं नाव नव्हतं, आणि या पद्धतीची पेटंटं त्याने ब्रिटनमध्ये स्वतःच्या नावाने मागितली. ऑक्सफर्डमध्ये चेन पेटंट घ्या म्हणून कानीकपाळी ओरडत होता. पण वैद्यकातल्या शोधावर मालकी सांगणं बरं नव्हे, असं तिथल्या वडीलधाऱ्यांचं मत पडलं. ज्यांनी ज्ञान मोकळं ठेवलं त्यांच्याच देशाला ते पुढे विकत घ्यायची वेळ आली. ब्रिटन हा घाव अनेक वर्षं विसरला नाही.

फ्लोरी तोवर एकेका औषध कंपनीचे उंबरे झिजवत होता. उत्तरं सावध येत होती. उद्या एखाद्या रसायनशास्त्रज्ञाने हे औषध बाटलीत कृत्रिम रीतीने बनवलं तर बुरशीच्या टाक्यांत घातलेला पैसा पाण्यात जाईल, ही त्यांची भीती होती आणि ती अगदी रास्त होती. शेवटी फ्लोरी आपल्या जुन्या स्नेह्याकडे, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटन रिचर्ड्स यांच्याकडे गेला. तरुणपणी तो त्यांच्या प्रयोगशाळेत राहिला होता. रिचर्ड्स नुकतेच व्हॅनेव्हर बुश यांच्या युद्धकालीन संशोधन कचेरीत वैद्यकीय समितीचे अध्यक्ष झाले होते, आणि मर्क कंपनीला ते पूर्वीपासून सल्ला देत. विद्यापीठ, सरकार आणि कंपनी या तिन्ही घरांत ज्याची ऊठबस आहे असा हा माणूस. आज असं कुणी दिसलं की हितसंबंधांची शंका येते आणि ती यावीही. पण त्या दिवसांत रिचर्ड्सच्या शब्दावर तिन्ही घरं एका बैठकीला आली.

पहिली बैठक ऑक्टोबर १९४१ मध्ये झाली, ती थंडच. दुसरी १७ डिसेंबरला न्यू यॉर्कमध्ये भरली. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन दहा दिवस झाले होते. मर्क, स्क्विब, फायझर, लेडर्ली या कंपन्यांची वरची माणसं बसली होती. पिओरियाच्या आंबवणी विभागाचे प्रमुख रॉबर्ट कॉगहिल यांनी मक्याच्या पाण्याचे आकडे वाचून दाखवले आणि खोलीतली हवा बदलली. हे आकडे खरे ठरले तर औषध बनवता येईल, असं जॉर्ज मर्क यांनी सांगितलं. ती माहिती एका कंपनीच्या तिजोरीत गेली नाही, हे मला या बैठकीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. सरकारी प्रयोगशाळेने ती टेबलावर ठेवली आणि एकमेकांच्या धंद्यावर टपलेल्या कंपन्यांनी एकदमच ऐकली.

एरवी कंपन्यांनी असं एकत्र बसणं मक्तेदारीविरोधी कायद्यात अडकलं असतं. सरकारने या कामापुरती मुभा दिली. ज्याला जे नवं कळेल ते त्याने वैद्यकीय समितीला कळवायचं आणि समितीने ते सगळ्यांना द्यायचं, असा मार्ग पडला. कंपन्यांनी सगळं सांगितलं असं मी म्हणणार नाही, हातचं राखून सांगणं चालूच होतं. तरी पिओरियाची दारं सगळ्यांना उघडी होती आणि तिथून बुरशीचे वाण वाटले जात होते. हीटली स्वतः सहा महिने मर्कच्या रॉवे गावच्या कारखान्यात जाऊन राहिला. पुष्कळ गोष्टी कागदावर उतरत नाहीत. फेस कसा दिसला की आंबवण बिघडली समजायची, गाळताना थंडावा किती ठेवायचा, हे शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

१४ मार्च १९४२ रोजी न्यू हेवनच्या रुग्णालयात, गर्भपातानंतर जंतुदोष होऊन महिनाभर तापाने फणफणलेल्या एका बाईला मर्कचं पेनिसिलिन दिलं. सकाळपर्यंत ताप उतरला. त्या एका बाईला देशातला जवळजवळ निम्मा साठा लागला होता. पुढे ती नव्वदीपर्यंत जगली. त्या वर्षीच्या जूनमध्ये साऱ्या अमेरिकेत दहा रुग्णांपुरतं औषध होतं.

ते कुणाला द्यायचं, हा प्रश्न सरकारने बॉस्टनचे वैद्यकाचे प्राध्यापक चेस्टर कीफर यांच्या पदरात टाकला. देशभरातून डॉक्टरांची, आईबापांची पत्रं आणि तारा त्यांच्याकडे येत. ज्या दुखण्यावर काहीतरी नवं कळेल, तेवढ्यांनाच औषध मिळे. विद्यापीठांच्या रुग्णालयांत प्रत्येक रुग्णाची नोंद होत गेली आणि १९४३ च्या ऑगस्टमध्ये कीफर यांच्या समितीने ५०० रुग्णांचा अहवाल छापला. कोणत्या जंतूवर चालतं, कुठे चालत नाही, मात्रा किती, हे डॉक्टरांना त्यातून कळलं. नकाराची पत्रं लिहिताना त्या माणसाचा हात कसा चालला असेल, हे कोणत्याही अहवालात नाही.

अडचण अजून पृष्ठभागाची होती. कंपन्या दुधाच्या बाटल्यांसारख्या हजारो बाटल्यांत बुरशी वाढवत होत्या. ब्रुकलिनच्या फायझर कंपनीला आंबवणीची जुनी सवय होती, लिंबाचं आम्ल ती अशाच रीतीने बनवी. बुरशी वरवर न वाढवता खोल टाकीत, द्रवाच्या पोटात, निर्जंतुक हवा सोडून आणि सतत घुसळून वाढवता येईल, असं तिथल्या जॅस्पर केन यांचं म्हणणं. त्यात धोका मोठा होता. एक परका जंतू शिरला तर साऱ्या टाकीचं पाणी. शिवाय पेनिसिलिनची बुरशी कारखान्यात पसरून बाकीची उत्पादनंही नासवू शकत होती. फायझरने तो धोका पत्करला. ब्रुकलिनमधला बर्फाचा एक जुना कारखाना घेऊन तो अवघ्या काही महिन्यांत बदलला आणि १ मार्च १९४४ रोजी तिथे १४ टाक्या सुरू केल्या, प्रत्येकी साडेसात हजार गॅलनच्या. टाकीत वाढेल असा वाण पिओरियाने आधीच शोधून ठेवला होता.

आणि तरीही त्याहून चांगल्या वाणाचा शोध थांबला नव्हता. पिओरियात केनेथ रेपर यांच्या हाताखाली जगभरची माती तपासली जात होती. लष्कराची विमानं जिथे जातील तिथून चिमूट चिमूट माती आणत. शेवटी १९४३ च्या उन्हाळ्यात पिओरियाच्याच बाजारातलं एक खरबूज आलं, सोनेरी बुरशी चढलेलं. ते प्रयोगशाळेत कुणी आणलं याच्या दोन हकिकती सांगतात, खरबूज मात्र दोन्हींत तेच आहे. त्यावरच्या बुरशीचा वाण आधीच्यांहून कितीतरी सरस निघाला. मग तो हातोहात फिरला. न्यू यॉर्क राज्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरला कार्नेगी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यावर क्ष-किरण सोडून हजारो बदललेले वाण मिळवले. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या विद्यापीठांनी ते चाळले. त्यातला एक मिलिलिटरला ५०० युनिटांपर्यंत गेला. विस्कॉन्सिनमध्ये त्याच्यावर अतिनील किरण सोडले आणि ९०० च्या आसपास देणारा वाण निघाला. तो कंपन्यांना वाटून टाकला. ऑक्सफर्डच्या दोन युनिटांपासून इथवरची ही साखळी आहे, आणि तिच्यातली एकही कडी दुसरीशिवाय टिकली नसती.

पैशाची बाजू अमेरिकी सरकारच्या वॉर प्रॉडक्शन बोर्डाने १९४३ मध्ये हाती घेतली. शंभराहून जास्त कंपन्या तपासून त्यांनी २१ निवडल्या. यंत्रसामग्रीला अग्रहक्क दिला. खासगी कारखान्यांवर घातलेला पैसा पाच वर्षांत करातून वजा करायची सवलत दिली, आणि काही कारखाने सरकारने स्वतःच्या खर्चाने उभारले. उद्या कृत्रिम पेनिसिलिन निघालं तर नुकसान एकट्या कंपनीच्या डोक्यावर पडणार नाही, एवढी खात्री मिळाली आणि टाक्या उभ्या राहू लागल्या.

गंमत अशी की त्या कृत्रिम पेनिसिलिनवरही सरकारच पैसा घालत होतं. ब्रिटन आणि अमेरिका मिळून तीसहून जास्त प्रयोगशाळांत हजाराच्या आसपास रसायनशास्त्रज्ञ त्या रेणूच्या मागे लागले होते. बहुतेक मोठ्या रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास याच वाटेवर होता. ती वाट युद्धात कामी आली नाही. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी रेणूची रचना उकलली, आणि प्रयोगशाळेत तो पूर्ण घडवायला मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेतल्या जॉन शीहान यांना १९५७ उजाडलं. बुरशीशी त्या रेणूला किमतीत कधीच बरोबरी करता आली नाही. दोन घोड्यांवर पैसे लावून त्यातला शहाण्यांचा घोडा हरणं, ही सरकारी उधळपट्टी नव्हे. कुठला जिंकेल हे आधी कळत असतं तर सरकारची गरजच नव्हती.

१९४३ साली अमेरिकेत सुमारे २,१०० कोटी युनिटं बनली. १९४४ मध्ये १.६६ लाख कोटी, १९४५ मध्ये ६.८ लाख कोटी. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा औषध पुरेसं होतं. मार्च १९४५ पासून ते अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत मिळू लागलं. त्याच वर्षी बुश यांनी राष्ट्राध्यक्षांना दिलेल्या अहवालात, शांततेच्या काळातही सरकारने विद्यापीठांच्या संशोधनामागे उभं राहावं म्हणून सांगताना, सुरुवातच पेनिसिलिनपासून केली.

आपल्याकडे तोवर काय चाललं होतं? परळच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी हे औषधं इथेच बनली पाहिजेत असं स्वातंत्र्याआधीपासून सांगत होते. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे ते अध्यक्ष होते. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत गेले. परदेशी कंपनीकडून तंत्र घ्यायचं तर त्याबरोबर अटी आणि वर्षानुवर्षांचं मानधन येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून दुसरी वाट धरली गेली. युनिसेफने यंत्रं द्यावीत, जागतिक आरोग्य संघटनेने जाणकार माणसं द्यावीत आणि भारत सरकारने कारखाना उभारावा. यामागे कल्पना अशी की इथलं ज्ञान कुणा एकाची मालकी राहू नये, शिकायला येणाऱ्यांना ते मोकळं असावं. पिओरियात युद्धाच्या निकडीने जे घडलं, ते इथे ठरवून करायचं होतं.

मार्च १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची नोंदणी झाली आणि १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिन बनू लागलं. माळरानाच्या त्या भागातला हा पहिला मोठा कारखाना, आणि आजचं पिंपरी-चिंचवड त्याच्या मागोमाग वाढलं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून होती, पुणे विद्यापीठ त्याच्या आदल्या वर्षीचं. एका शहरात तिन्ही घरं जमली होती.

पिंपरीच्या लोकांनी फक्त परदेशी वाण पाळला असता तर ही हकिकत इथेच संपली असती. पण कारखान्याने स्वतःचा संशोधन विभाग ठेवला, १९५८ पासून स्वतःचं शास्त्रीय नियतकालिक काढलं. एम. जे. तिरुमलाचार हे तिथले बुरशीशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्या मातीतून एक नवा सूक्ष्मजीव वेगळा काढला. त्यापासून बुरशीजन्य रोगांवरचं औषध मिळालं. कंपनीच्या नावातली अक्षरं घेऊन त्याला ‘हॅमायसिन’ म्हटलं. साल १९६० च्या आसपासचं. पुढे पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंगिन आलं. जंतुनाशक औषधांच्या जगात तेव्हा अमेरिका, युरोप आणि जपान यांच्यापलीकडे नवं नाव क्वचितच उमटत होतं. त्यात ही दोन नावं पिंपरीची होती.

त्यानंतरचं लिहिताना हात जड होतो. वाण सुधारायचं काम कधी संपत नाही. जगभर ९०० युनिटांचे पन्नास हजारांच्या पुढे झाले. ज्याने वाणावर खर्च केला त्याचं औषध स्वस्त झालं. आपल्याकडे भाव सरकार ठरवी, यंत्रं जुनी होत गेली आणि संशोधनाकडे कानाडोळा झाला. आयात खुली झाल्यावर चीनच्या स्वस्त पेनिसिलिनपुढे इथल्या टाक्या टिकल्या नाहीत. १९९७ मध्ये कंपनी आजारी उद्योगांच्या यादीत गेली. माझ्या मते चूक सरकारने कारखाना काढण्यात नव्हती. अमेरिकेत सरकार मध्यस्थ होतं आणि २१ कारखाने एकमेकांवर डोळा ठेवून होते. इथे सरकारच मालक, सरकारच गिऱ्हाईक आणि सरकारच भाव ठरवणारं झालं, आणि विद्यापीठाला त्या टाकीजवळ नेऊन उभं करणारा रिचर्ड्स कुणी उरला नाही. २०२० मध्ये केंद्राने औषधांच्या कच्च्या मालासाठी प्रोत्साहन योजना आणली, तिच्या यादीत पेनिसिलिन जी होतं. १९५५ साली जे आपण बनवू लागलो होतो, ते पुन्हा बनवायला शिकण्यासाठी ही योजना.

आज जगात कारखान्यांत जे पेनिसिलिन बनतं, त्यातलं जवळजवळ सगळं पिओरियाच्या त्या खरबुजावरच्या बुरशीच्या वंशजांपासून येतं. आणि सूक्ष्मजीव जतन करणाऱ्या संस्थांच्या सूचीत, लॅटिन नावांच्या लांबलचक रांगेत, हॅमायसिन देणारा तो मातीतला जीवही आहे. तिरुमलाचार यांनी त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.